उंदराच्या मेंदूतले रक्त आणि रायपूरचे पत्र

रायपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी डोक्याची डॉप्लर तपासणी केली आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग वाढलेला आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा या, असे सांगितले. त्या लिहितात, ''वेग वाढला म्हणजे रक्त चांगले पोचते आहे असे समजून मी निर्धास्त झाले. यजमान म्हणतात, पुन्हा खर्च कशाला? उंदरांच्या मेंदूतला रक्तप्रवाह एम. आर. आय.ने मोजतात असे वाचले. त्याचा माझ्या मुलाला काही उपयोग?''

ताई, आधी एवढेच सांगते की दोन आठवड्यांची तारीख चुकवू नका.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर फुटतात आणि अंगात रक्त कमी राहते. दूध पातळ मिळू लागले की एकाऐवजी दोन पेले द्यावे लागतात ना? तसा प्राणवायू कमी पडलेला मेंदू जास्त रक्त ओढून घेतो. ही झाली मेंदूची ओढाताण. वेग वाढण्याचे दुसरे कारण अधिक काळजीचे आहे. रक्तवाहिनी आतून अरुंद होते. बागेत नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धार जोरात उडते, पण बादली काही लवकर भरत नाही.

डॉप्लरला कळतो तो धारेचा वेग. बादलीत किती पडले, हे मोजणे अवघड. पूर्वी प्राण्याला किरणोत्सारी द्रव्य टोचायचे, लगेच मारायचे आणि मेंदूचे काप तपासायचे. एका जिवावर एकच मोजणी! आज वाढ किती, महिन्याने किती, हे त्याच प्राण्यात बघण्याची सोयच नव्हती.

1992 साली अमेरिकेत डेट्रे, विल्यम्स, कोरेट्स्की आदी संशोधकांनी उंदरांवर नवी युक्ती दाखवली. रक्तात मुख्यतः पाणीच असते आणि पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रे चिमुकल्या चुंबकांसारखी वागतात. मानेपाशी रेडिओ लहरींनी ती उलटी करायची. ही झाली रक्तावरची खूण. ते रक्त मेंदूत पोचले की एक चित्र घ्यायचे, मग खूण न करता दुसरे, आणि एकातून दुसरे वजा करायचे. उरेल ते नुकतेच आलेले रक्त! फरक जेमतेम काही टक्क्यांचा आणि खूण दोनेक सेकंदांत पुसट होणारी, म्हणून चित्रे पुनःपुन्हा घ्यावी लागतात. पण सुई नाही, रंगद्रव्य नाही आणि उंदीर जिवंत राहतो.

लहान उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमच्याही आत. तो हलू नये म्हणून भूल द्यावी, तर आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायूच रक्तवाहिन्या रुंदावतो आणि आकडा फुगवतो. भुलीत अंग गार पडते, म्हणून ऊबही द्यावी लागते. 1997 साली मानवी सिकलसेलची जनुके घातलेले उंदीर तयार झाले आणि पुढे त्यांच्याही मेंदूतला रक्तप्रवाह असा मोजला गेला. आता हीच पद्धत मुलांवरही वापरतात. सिकलसेल असलेल्या मुलांच्या मेंदूकडे जाणारे रक्त बहुधा नेहमीपेक्षा जास्तच आढळते.

तेव्हा तुमच्या मुलाला एम. आर. आय. हवा का? ते डॉक्टर दुसऱ्या डॉप्लरनंतर ठरवतील. नेहमीच्या एम. आर. आय.मध्ये अरुंद रक्तवाहिनी आणि न कळत झालेली इजा दिसू शकते. रक्तप्रवाह मोजण्याची सोय मात्र प्रत्येक यंत्रावर नसते. डॉप्लरला कमी लेखू नका. 1998 साली अमेरिकेतल्या 130 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर वा अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यावर पक्षाघाताचा धोका नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. यजमानांना हे वाचून दाखवा. रायपुरातच सिकल सेल संस्थान आहे, तिथेही सल्ला घेता येईल.

तपासणीला जाताना मुलाला ताप नसावा आणि तपासणी चालू असताना तो झोपलेला नसावा. भुलीने उंदराचा आकडा बदलतो, तसा यांनी मुलाचा बदलतो. नुकतेच रक्त दिले असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. आणि मधल्या काळात तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला किंवा झटका आला, तर तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी इस्पितळ गाठा.