पोथी छापणाऱ्याचें ऋण

देहूस इंद्रायणीकाठीं गाथामंदिर उभें आहे. तुकोबांचे अभंग त्याच्या भिंतींवर कोरलेले आहेत. जवळच पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांचा घरघराट अखंड चालतो. यंत्रानें भक्तीचा घात केला, असें म्हणणारे सज्जन या टापूंत पुष्कळ भेटतात. त्यांस आमचा एकच सवाल आहे: आपल्या देव्हाऱ्यांतील गाथा कोणाच्या बोरूनें लिहिलेली आहे?

ती छापखान्यांतूनच आली. इंदुप्रकाश छापखान्यांत १८६९ व १८७३ या सालीं गाथेचे दोन भाग निघाले; मुंबई सरकारनें त्यासाठीं २४,००० रुपये दिले. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथील वह्या ताडून पाहिल्या. चारांपैकीं तीन गांवें याच टापूंतलीं!

परंतु आपले धर्मग्रंथ छापण्याचें धैर्य त्यापूर्वीं ३८ वर्षें मुंबईंत एका भंडारी गृहस्थानें दाखविलें होतें. गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकले. मिशनरी आपल्या धर्माचीं पुस्तकें छापतात, तर आम्हीं आमचीं कां छापूं नयेत, हा विचार त्यांच्या मनांत आला. १८३१ सालीं त्यांनीं शिळाछापावर पंचांग काढलें. पुढें खिळेही स्वतः पाडले. शाईंत चरबी असते म्हणून कर्मठ मंडळी छापील कागदास शिवेनात. तेव्हां त्यांनीं तुपाची शाई केली, असें सांगतात. विद्वानांच्या वादविवादानें जें झालें नसतें, तें या कारागिरानें शाई बदलून केलें.

यावर आक्षेप असा कीं, हे लोक धंदेवाईक, पैशासाठीं छापीत. होय, छापीत! मग पोथी नकलून देणारा लेखक काय फुकट लिही? त्याची मजुरी पवित्र आणि छापणाऱ्याचा नफा तेवढा पाप, हा न्याय कोठला? लेखकाला महिनोन्महिने पोसूं शकेल त्याच्याच घरीं पोथी असे. छापणाऱ्यानें ती बाजारांत आणून ठेवली. गणपत कृष्णाजींना सुधारक ठरविण्याचें कारण नाहीं. खपेल तें त्यांनीं छापलें. पण खपलें म्हणूनच तें गोरगरिबांच्या हातीं पडलें. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखानाही असाच धंद्यावर वाढला. आणि त्याच्या संस्कृत ग्रंथांवर पंडितांच्या पिढ्या पोसल्या.

आज पोथ्यांच्या नव्या आवृत्तींत देणगीदारांचीं छायाचित्रें असतात. पहिल्या मुद्रकाचें नांव नसतें. जुन्या शिळाछाप प्रती जीर्ण झाल्या म्हणून नदींत सोडल्या जातात. हा धर्म नव्हे, आळस आहे. प्रत्येक देवस्थानानें व ग्रंथालयानें अशा प्रती जपाव्यात, निदान मुद्रकाचें नांव व साल असलेलें पान तरी उतरून ठेवावें. इंद्रायणीनें तुकोबांच्या वह्या तारल्या, अशी आपली श्रद्धा आहे. मग ज्यांनीं त्या अभंगांना घरोघर पोंचविण्याची वाट पाडली, त्यांची नांवें त्याच पाण्यांत बुडविण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?