घर आणि शास्त्र : चंचल मूल आणि मेंदूंतील रसायनें

गेल्या महिन्यांत संगमनेरहून एका भगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानी आहे. पण त्यांतील खरा प्रश्न शेवटच्या आठदहा ओळींत आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलास अवधानदोष, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांनीं ज्याला ए. डी. एच. डी. म्हणतात तो, असल्याचें सांगून डॉक्टरांनीं गोळी लिहून दिली आहे. सासूबाई म्हणतात, ‘पोर वांड आहे, त्याला गोळी कसली देतां, धाक द्या.’ यजमान म्हणतात, ‘मेंदूवर काम करणारें औषध मुलाच्या पोटांत घालावयाचें नाहीं.’ आणि त्या स्वतः विचारतात, ‘शेजारच्या मुलाला हीच गोळी मानवली नाहीं, मग माझ्या मुलाला मानवेल हें कशावरून? आणि वाढविण्यांत माझेंच कांहीं चुकलें काय?’

पत्र मीं दोनदां वाचलें, कारण तें आमच्याच घरांतून आल्यासारखें वाटलें. आमचें घर नगरचें. शासनानें २०२४ सालीं नांव अहिल्यानगर केलें तरी जुन्या जिभेला अजून नगरच येतें. आम्ही तिघे भाऊ एकत्र राहतों व एका पंगतीला चौदा पानें पडतात. पंगतींतून पांच वेळां उठणारा, प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहणारा, एका सत्रांत सात पट्ट्या व दोन डबे हरवून आलेला मुलगा हा माझा नातू. सगळ्या घरानें त्याच्यासाठीं एकच औषध ठरविलें होतें, तें म्हणजे धपाटा.

या बाबतींत मला कोणाला दोष देतां येत नाहीं. मीं स्वतः छत्तीस वर्षें शाळेंत गणित आणि शास्त्र शिकविलें. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. गणिताची रीत त्याला सर्वांच्या आधीं समजे, पण अर्धें गणित वहींत व अर्धें हवेंत राही. मीं त्याला बाकावर उभें केलें, अंगठे धरावयास लावले, पालकांना बोलावून आणून त्यांच्यादेखत बोललों. नववींत त्यानें शाळा सोडली. त्या वेळीं मला वाटलें, चला, वर्ग शांत झाला. नातवाचे कागद डॉक्टरांनीं पुढें ठेवले त्या दिवशीं प्रथम आठवण झाली ती त्या मुलाची.

डॉक्टरांनीं पहिल्या भेटींत गोळीचें नांवही काढलें नाहीं. डोळे, कान, रक्तांतील लोह, थायरॉईड, झोंप हें सर्व आधीं तपासविलें, कारण ऐकूं न येणारें किंवा नीट न झोंपणारें मूलही वर्गांत असेंच वागतें. शाळेकडून व घराकडून वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. मग मुलाच्या वडिलांच्या बालपणाविषयीं विचारलें. माझ्या पत्नीनें कपाटांतून चिरंजीवांचीं जुनीं प्रगतिपुस्तकें आणून दाखविलीं. त्यांतील शेरे नातवाच्या शेऱ्यांशीं अक्षरशः जुळत होते. तोंवर ‘हा गुण मुलाच्या आजोळचा’ असें थोरल्या वहिनी उघड म्हणत असत. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण रिक्षांत डोळे पुशीत होत्या. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असें दिसतें कीं, मुलामुलांत या बाबतींत जो फरक आढळतो त्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिक असतो. संगमनेरच्या भगिनींनीं आपल्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच घ्यावें.

आतां मेंदूकडे वळूं. कपाळाच्या हाडामागें मेंदूचा जो भाग आहे तो घरांतील कारभाऱ्यासारखा. आतां काय करावयाचें, काय मागें ठेवावयाचें, कोणता मोह आवरावयाचा हें तो पाहतो. तेथील मज्जापेशी एकमेकींस चिकटलेल्या नसतात. मध्यें अतिसूक्ष्म फट असते आणि निरोप त्या फटींतून रसायनांच्या रूपानें जातो. डोपामिन व नॉरॲड्रेनॅलिन हीं त्यांतलीं दोन. संशोधकांचें म्हणणें स्थूलमानानें असें कीं, हवा असलेला आवाज नॉरॲड्रेनॅलिन मोठा करतें आणि नको असलेली कुजबूज डोपामिन बारीक करतें. निरोप पोंचला कीं पाठविणारी पेशीच तें रसायन आपल्या द्वारांनीं परत ओढून घेते.

यांतील मौज प्रमाणांत आहे. आमटींतल्या मिठासारखाच हा प्रकार. कमी पडलें तर आमटी अळणी, जास्त झालें तर तोंडांत घालवत नाहीं. हीं रसायनें अति कमी असलीं तर कारभारी डुलक्या घेतो. अति झालीं, जसें भीतीच्या प्रसंगीं होतें, तर तो गांगरून कामच सोडतो. छडी उगारल्यावर येत असलेलें गणितही मुलाला कां आठवत नाहीं, याचें कारण मला शिक्षक असतांना कळलें असतें तर बरें झालें असतें.

‘मग दूरचित्रवाणीपुढें दोन तास कसा बसतो?’ हा थोरल्या वहिनींचा प्रश्न, आणि तो बिनतोड वाटतो. परंतु नवें, चटकदार, क्षणाक्षणाला बक्षीस देणारें कांहीं पुढें असलें कीं डोपामिन आपोआप सुटतें. तेथें कारभाऱ्याला श्रम नाहींत. पाढे, शुद्धलेखन, कपड्यांच्या घड्या यांत बक्षीस लांबचें असतें. तेथवर लक्ष ओढून नेणें हेंच या मुलांना जड जातें. उणेपणा लक्षाचा नसून लक्षावरील ताब्याचा आहे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘डोपामिन कमी म्हणून रोग’ हें वाक्य हल्लीं सर्रास ऐकूं येतें. तें अर्धवट आहे. मेंदूंतील या रसायनांचें प्रमाण सांगून निदान ठरविणारी रक्ताची तपासणी नाहीं. मेंदूच्या प्रतिमा घेऊन जे अभ्यास झाले त्यांत कांहींना रसायन परत ओढणारीं द्वारें जास्त आढळलीं, कांहींना कमी. २००७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मेंदूच्या बाह्य थराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षीं, तर या मुलांत साडेदहाव्या वर्षीं शिखरास पोंचलेली दिसली. म्हणजे कारभारी नाहीं असें नव्हे. तो उशिरां वयांत येतो. निदान करावयाचें तें वागणुकीच्या बारीक चौकशीवरूनच.

औषधाचा शोध मात्र अगदीं अवचित लागला. अमेरिकेंत ऱ्होड आयलंड येथें ब्रॅडली या धनिक कुटुंबानें मेंदूच्या दाहानें पंगू झालेल्या आपल्या एकुलत्या मुलीच्या नांवानें मुलांचें रुग्णालय काढलें. तें १९३१ सालीं उघडलें. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनीं एका तपासणीनंतर उठणारी डोकेदुखी थांबावी म्हणून मुलांना बेन्झेड्रिन, म्हणजे ॲम्फेटामिन, देऊन पाहिलें. डोकेदुखी फारशी थांबली नाहीं, पण मुलें अभ्यासाला बसूं लागलीं! १९३७ सालीं त्यांनीं तीस मुलांची हकीगत प्रसिद्ध केली; त्यांपैकीं सुमारें निम्म्यांचा अभ्यास डोळ्यांत भरण्याइतका सुधारला होता. मुलें त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणत. निम्म्यांचा सुधारला, हें लक्षांत ठेवावें. शेजारच्या मुलाची कथा तेव्हांपासूनची आहे. पुढें १९४४ सालीं स्वित्झर्लंडांत पॅनिझोन या रसायनज्ञानें मिथाइलफेनिडेट बनविलें. त्याची पत्नी मार्गरीट हिला तें घेऊन टेनिस चांगलें खेळतां येई, म्हणून औषधाला ‘रिटालिन’ हें नांव तिच्या लाडक्या नांवावरून पडलें. आपल्याकडे या दोषावर मुख्यतः हेंच औषध दिलें जातें.

चंचल मुलाला उत्तेजक औषध दिल्यानें तें शांत कसें होतें, हें कोडें अनेकांना पडतें. उलगडा हाच कीं उत्तेजन मिळतें तें कारभाऱ्याला. हें औषध रसायन परत ओढणारीं द्वारें अडवितें. त्यामुळें फटींत तें जास्त वेळ टिकतें. साध्या गोळीचा अंमल तीनचार तासच असतो. आणि एक गैरसमज काढून टाकावा. ‘गोळीनें लक्ष लागलें, म्हणजे रोग ठरला’ असें समजूं नये. १९७८ सालीं ज्युडिथ रॅपपोर्ट यांनीं चौदा निरोगी मुलांना याच जातीचें औषध देऊन पाहिलें, तेव्हां त्यांचीही चळवळ कमी झाली व लक्ष वाढलें.

आमच्या नातवाला ही गोळी मानवली. पहिल्या आठवड्यांत त्यानें दुपारचा डबा तसाच परत आणला व रात्रीं अकरापर्यंत तो जागा राहिला. मात्रा व वेळ बदलल्यावर झोंप सुधारली. एकदां मात्रा वाढविली तेव्हां तो गुमसुम बसूं लागला. सूनबाई म्हणाल्या, ‘अप्पा, हा शांत नाहीं, हा विझला आहे.’ त्यांचें बरोबर होतें. मिठाचा खडा जास्त पडला होता. डॉक्टरांनीं ती लगेच उतरविली.

माझ्या पुतण्याच्या मुलीची गोष्ट निराळी. तिनें कधीं धांगडधिंगा केला नाहीं. खिडकीबाहेर पाहत बसे. शांत मुलगी म्हणून सर्वांनीं तिचें कौतुक केलें, आणि म्हणूनच आठवीपर्यंत कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. मुलींच्या बाबतींत असें पुष्कळ होतें. तिला तीच गोळी दिली, तर छातींत धडधडूं लागलें, नखें खाणें वाढलें. मूळचीच ती घाबरट. तिच्या आमटींत बहुधा मीठ निराळ्या बाजूनें कमी होतें. मग तिला ॲटोमोक्सेटिन दिलें. तें नॉरॲड्रेनॅलिन परत ओढणारीं द्वारें अडवितें. कपाळामागच्या भागांत डोपामिनचीं स्वतःचीं द्वारें थोडीं असल्यानें तें पुष्कळसें याच द्वारांतून परत जातें. म्हणून तेथें दोन्ही रसायनें वाढतात. गुण यावयास मात्र आठवडे लागतात. पांचव्या आठवड्यापर्यंत आम्हांस कांहींच फरक दिसला नाहीं व घरांत ‘सोडून द्या’ सुरू झालें. सहाव्या आठवड्यांत तिनें इतिहासाचा एक धडा न उठतां संपविला व स्वतःच येऊन मला सांगितलें. शिवाय हें औषध पचविणारें यकृतांतील एक द्रव्य शंभरांत थोड्या माणसांत जन्मतःच निकामी असतें. त्यांच्या रक्तांत तें कित्येक पटींनीं साठतें. एकाच घरांतील दोन मुलांस एकच मात्रा लागूं न पडण्याचीं कारणें अशीं आहेत.

यजमानांची भीति अनाठायीं नाहीं. या औषधांनीं भूक मरते, नाडी व रक्तदाब वाढतो, उंचीही किंचित् मागें राहूं शकते. म्हणून वजन-उंची मोजीत राहावें. ॲटोमोक्सेटिननें क्वचित् मुलांच्या मनांत आत्मघाताचे विचार आल्याचें नमूद आहे. मूल एकाएकीं उदास झालें तर त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें. व्यसन लागेल काय? ठरलेल्या मात्रेंत तोंडावाटें घेतलेलें औषध मेंदूंत हळूहळू चढतें. व्यसनाला लागते ती एकदम चढणारी लाट. असे उपचार घेतलेल्या मुलांत पुढें व्यसनें वाढल्याचें मोठ्या पाहण्यांत दिसलेलें नाहीं. तथापि गोळ्या कुलपांत ठेवाव्या. मिथाइलफेनिडेट कायद्यानें ‘एक्स’ परिशिष्टांत आहे. दुहेरी चिठ्ठीशिवाय मिळत नाहीं व प्रत्येक दुकानदार ठेवीत नाहीं. आम्हांस दोनदां त्यासाठीं माळीवाड्याहून एस. टी.नें पुणें गांठावें लागलें.

थोरले बंधु या सर्वांवर नाराज होते. ते म्हणाले, ‘ज्ञानेश्वरांनीं आपल्याच जिल्ह्यांत, नेवाशास, गीता मराठींत सांगितली. मन वाऱ्यासारखें आवरत नाहीं ही अर्जुनाची तक्रार सहाव्या अध्यायांत आहे. आणि भगवंतांनीं उपाय सांगितला तो अभ्यासाचा, गोळीचा नव्हे.’ मी म्हणालों, ‘दादा, अभ्यासाला बसण्यापुरती तरी स्थिरता लागतेच ना? गोळी तेवढीच देते. बसविल्यावर शिकवावयाचें आपणच.’ त्यांना तें सर्वस्वी पटलें असें नाहीं, पण तेव्हांपासून ते रोज सायंकाळीं नातवाकडून वीस मिनिटें, घड्याळ लावून, पाढे म्हणवून घेतात. शास्त्रही दादांच्या अगदीं विरुद्ध नाहीं. अमेरिकेंतील ५७९ मुलांच्या एका मोठ्या पाहणीचा निकाल १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. चौदा महिन्यांअखेर औषधोपचाराची सरशी दिसली, पण तीन वर्षांनीं निरनिराळ्या गटांतील तो फरक उरला नव्हता. सहा वर्षांखालील मुलांत तर आधीं आईबापांनाच वागण्याची रीत शिकवावी, असें तज्ज्ञ सांगतात.

सासूबाईंस धाकाविषयीं एवढेंच सांगावें कीं नियम हवेत, पण छोटे; आणि शाबासकी लगेच हवी, वर्षाअखेरची नको. ब्राह्मी, वेखंड यांविषयीं आमच्याही घरीं आग्रह झाला. डॉक्टरांना विचारल्यावांचून तीं सोबत देऊं नयेत व त्यांच्या भरंवशावर चालू औषध बंद करूं नये.

भगिनींनीं पत्राच्या समासांत एक प्रश्न लिहिला आहे : सुटींत गोळी बंद ठेवावी काय? मिथाइलफेनिडेटचा खंड कांहीं डॉक्टर मुलाची भूक व वाढ पाहून मुद्दाम ठेवतात. ॲटोमोक्सेटिनचें तसें नाहीं, तें रोज घ्यावें लागतें. आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावें. आमच्याकडे दिवाळींत नातवाला आठ दिवस मोकळीक मिळाली. त्यानें लाडू भरपूर खाल्ले, वजन वाढलें, आणि आकाशकंदील दोनदां खालीं आणला. दुसऱ्यांदा तो मीच पुन्हां वर बांधला.