'नथिंग' नव्हे, 'लुक आफ्टर'!

मैत्रिणींनो, पनवेलला दर शनिवारी दुपारी आम्ही काही जणी इंग्रजी बोलायचा सराव करायला जमतो. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते सुरू झालं २००० साली. त्यामुळे मुलं धडाधड बोलतात आणि आम्ही 'येस-नो'वर अडतो, यात लाजण्यासारखं काही नाही.

परवा एक मैत्रीण पाळणाघरातल्या नोकरीचा अर्ज घेऊन आली. 'गेली दहा वर्षं काय करता?' या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, 'नथिंग'. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन मुलं, वर बचत गटाचा हिशेब. आणि म्हणे नथिंग!

मग त्या दिवशी 'लुक आफ्टर'च शिकायला घेतलं. 'लुक' म्हणजे बघणं. त्याच्या पुढचा छोटा शब्द बदलला की अर्थ बदलतो. 'लुक ॲट' म्हणजे नुसतं बघणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. अवघड वाटतं? अहो, मराठीत आपण हेच तर करतो! 'सासूबाईंना बघते' आणि 'सासूबाईंचं बघते' यात केवढा फरक आहे. दुसऱ्यात औषधपाणी, पथ्य, रात्रीचं जागरण सगळंच आलं.

एवढंच लक्षात ठेवा : ज्याला सांभाळायचं, ते नाव 'आफ्टर'च्या नंतर येतं, मध्ये नाही. 'आय लुक आफ्टर माय मदर-इन-लॉ.' दुसरीबद्दल सांगताना 'शी लुक्स आफ्टर'. माणसंच कशाला, हिशेबही सांभाळता येतो : 'आय लुक आफ्टर द अकाउंट्स.'

हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही. २०११च्या जनगणनेत फक्त घर सांभाळणारी बाई 'काम न करणाऱ्यां'त मोजली गेली. केंद्र सरकारच्या २०२४च्या पाहणीत मात्र दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. सरकारदरबारी काय मोजतात ते मोजोत, निदान आपण तरी स्वतःला 'नथिंग' म्हणू नये.

मैत्रिणीने तो शब्द खोडला आणि तीन वाक्यं लिहिली. तिन्हींत 'लुक आफ्टर' होतं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, पण अर्ज खरा झाला.

तुम्हीही हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. आणि हो, घरातल्या पुरुषांनाही शिकवा. 'आय लुक आफ्टर' हे त्यांनाही खरंखुरं म्हणता आलं पाहिजे, नाही का?