चषक बाजूला ठेवा, संघ मिसळा



जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. तेव्हापासून 'मातीतले खेळ शाळेत आणा' हे वाक्य आमच्याकडच्या भाषणांतही वरचेवर येऊ लागलं आहे. यायलाच हवं. फक्त नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हे खेळ कोणी कोणाबरोबर खेळायचे, याचा विचार होताना दिसत नाही.

धडगावचा पावरा, अक्कलकुव्याचा भिल्ल, नवापूरचा मावची, शहाद्याकडचा गुजर, घरी अहिराणी बोलणारा आणखी कोणी, अशी मुलं या सहा तालुक्यांत शिकतात. सरदार सरोवरात गाव बुडालेली कुटुंबं पहाड उतरून तळोद्याजवळ सोमावळसारख्या वसाहतींत आली, त्यालाही आता बराच काळ लोटला. तरी पहाडातल्या आणि सपाटीच्या मुलांची ओळख बहुतेक बाजाराच्या दिवसापुरतीच. शाळाही वेगळ्या, खातीही वेगळी: आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, गावातली शाळा जिल्हा परिषदेची. खेळाच्या स्पर्धा भरतात त्याही बहुधा आपापल्या खात्यात. तालुका-जिल्ह्याला गाठ पडलीच, तर ती एकमेकांना हरवण्यासाठी.

उरतो 9 ऑगस्ट. जागतिक आदिवासी दिनाला मुलांना सजवून पाहुण्यांपुढे नाचवायचं, हातात तीरकामठा देऊन फोटो काढायचा. बघणारे बघतात आणि घरी जातात. याला संस्कृतींची ओळख म्हणायला मी तयार नाही.

नर्मदाकाठच्या जीवनशाळा बालमेळा भरवतात. त्यात कबड्डी, खो-खोबरोबर तीरकामठाही असतो, आणि गावोगावची मुलं एकत्र येतात. तो मेळा मला या सगळ्यापेक्षा खरा वाटतो. पण तोही पहाडातल्या मुलांचाच. सपाटीची शाळा तिथे का जात नाही?

माझी सूचना साधी आहे. शाळांसाठीचा 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम 2024 पासून सरकारच्याच कागदावर आहे. महिन्यातला एक शनिवार शेजारच्या दोन शाळांनी एकत्र घालवावा. संघ पाडताना शाळा बघू नये, निम्मी मुलं इकडची, निम्मी तिकडची. ज्या शाळेत खेळ होईल तिथल्या मुलांनी आपला खेळ आपल्या नियमांनी शिकवावा, शिक्षकांनी शिट्टी खिशात ठेवावी. आणि चषक नको.

सागरगोटेच घ्या. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा, मग दोन, मग तीन. शेवटी सगळे हाताच्या पाठीवर झेलायचे. शेजारचा गोटा हलला की डाव गेला. हे शिकायला भाषा लागत नाही, समोरच्या मुलीचे हात बघावे लागतात. कोरियातली मुलं पाच गोट्यांनी जवळपास हाच खेळ खेळतात. विटीदांडूचा भाऊ नेपाळात 'दंडी-बियो' म्हणून आहे. तो तिथला राष्ट्रीय खेळच मानला जाई, 2017 मध्ये सरकारने तो मान व्हॉलीबॉलला दिला. आपल्या शाळांचाही ओढा तिकडेच आहे, म्हणून सांगितलं.

नियम एकसारखे नसतील तर गोंधळ होईल, असं क्रीडाशिक्षक म्हणतील. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये खो-खोला नियम घालून दिले, त्यावाचून तो दिल्लीपर्यंत पोचला नसता, हे मलाही मान्य आहे. पण ती गरज स्पर्धेची. इथे दोन गावांची लगोरी वेगळी निघाली, तर कोणाची खेळायची यावर मुलांना भांडू द्या. त्या भांडणात वर्गात तोंड न उघडणारा पावरा मुलगा बोलतो, कारण नियम त्याला माहीत असतो. मराठीच्या तासाला ही संधी त्याला क्वचितच मिळते.

शिष्यवृत्तीच्या तयारीचा वेळ जाईल, ही तक्रारही येणारच. महिन्यातल्या एका सकाळीने ती तयारी बुडत असेल, तर तिच्यात दुसरंच काही चुकतं आहे.

आदिवासी विकास विभागाची तळोदा आणि नंदुरबार ही दोन प्रकल्प कार्यालयं आणि जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग यांनी मिळून एक परिपत्रक काढलं तरी पुरे. गाडीभाड्याचं कारण पुढे येईल. सुरुवात चालत जाता येईल अशा अंतरावरच्या शाळांपासून केली, तर तेही उरत नाही.

– एक वाचक, तळोदा (जि. नंदुरबार)