गाठ लपवू नये
अमेरिकेतील रॉचेस्टर येथील सेंट मेरीज रुग्णालयात सिस्टर मेरी जोसेफ (१८५६-१९३९) या फ्रान्सिस्कन धर्मभगिनी डॉ. विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करीत. रोग्याचे पोट स्वच्छ करताना कधी कधी बेंबीत कठीण गाठ हाताला लागे. अशा रोग्याच्या पोटात कर्करोग पसरलेला आढळतो, हे त्यांनी हेरले. १९२८ साली डॉ. मेयो यांनी ही खूण प्रसिद्ध केली. आज ती सिस्टरांच्याच नावाने ओळखली जाते.

पोटातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते; पण तो निर्णय डॉक्टरांचा. जठराच्या कर्करोगाची गाठ हाताला लागते, तेव्हा रोग बहुधा बळावलेला असतो. म्हणून गाठीची वाट पाहू नये. न हटणारे अपचन, दोन घासांतच पोट भरणे, वजन घटणे, काळे शौच यांपैकी काही दिसल्यास जठराची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.

रुग्णाभ्यंगासाठी आम्हांस बोलावणे येते, तेव्हा कित्येकदा कळते की, संकोचाने वा खर्चाच्या धास्तीने दुखणे महिनोन्‌महिने लपविले होते. त्या खाटेपाशी उभे राहताना आमचे मन गलबलते. दुखणे लपविणे ही श्रद्धा नव्हे. पवित्र शास्त्रही वैद्याचा मान राखावयास सांगते. आम्हांस अवश्य बोलवा. परंतु त्याआधी डॉक्टरांकडे जा.