तापलेले यंत्र आणि औचित्यविचार

सुटे भाग आणून घरी जुळवलेला संगणक हा विषय साहित्यचर्चेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आज आपले शोधनिबंध, हस्तलिखितांच्या छायाप्रती, अहिराणी गीतांची ध्वनिमुद्रणे हे सारे याच यंत्राच्या पोटात साठवलेले असते. आणि तरीही मराठीचे अध्यापक त्याकडे बंद पेटी म्हणूनच पाहतात. पेटी तापली, बंद पडली, की दुरुस्तीवाल्याला बोलवायचे, एवढाच आपला तिच्याशी संबंध. तो पुरेसा नाही, आणि खानदेशात तर तो महागात पडतो, असे माझे मत आहे.

'असेंबल्ड' म्हणजे स्वस्तातले, दुय्यम, अशी एक समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. वास्तविक १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला 'परम ८०००' हा महासंगणकही एका अर्थाने जुळवणीचेच फळ होता. त्यातले 'ट्रान्सप्यूटर' प्रोसेसर ब्रिटिश कंपनीचे होते. ते परस्परांशी कसे जोडावेत आणि एकाच कामाला कसे लावावेत, हा विचार मात्र इथला होता. शब्द तरी कोणत्या कवीच्या मालकीचे असतात? त्याची असते ती रचना.

रचनेचा प्रश्न आला की औचित्याचा प्रश्न येतो. अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात औचित्य हे काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य स्थानी असेल तरच तो अलंकार, हे त्याचे प्रतिपादन साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतेच. हाच निकष संगणकाच्या कॅबिनेटला लावून पाहावा. हल्ली तरुणांना समोरून आणि बाजूने काच असलेली, आत रंगीबेरंगी दिवे उजळणारी कॅबिनेट आवडतात. हौसेला माझा आक्षेप नाही. परंतु पुढून हवा आत यावी आणि मागून वा वरून बाहेर पडावी, ही साध्या कॅबिनेटची मूळ रीत आहे. पुढची बाजू काचेने बंद केली आणि हवेला दुसरी वाटही ठेवली नाही, तर शोभा राहते आणि श्वास कोंडतो.

देश आणि काळ हीसुद्धा औचित्याची अंगे आहेत. संगणक थंड ठेवण्याचे सल्ले बहुधा २०-२५ अंशांची खोली गृहीत धरून दिलेले असतात. भडगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांकडे जातो, तेव्हा हे गृहीतकच कोसळते. पंखा आणि हीटसिंक यंत्रातील उष्णता खोलीतल्या हवेला देतात; खोलीहून अधिक थंड ते काहीच करू शकत नाहीत. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत, त्याच कामासाठी, साधारण ८७ अंशांना पोहोचतो. पुढे ९५-१०० अंशांच्या आसपास तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर बंद पडतो. पाण्याच्या नळ्यांची महागडी व्यवस्थाही अखेर रेडिएटरमधून त्याच खोलीतल्या हवेत उष्णता सोडते.

म्हणून आपल्याकडचे उपाय आपल्या हवेकडे पाहूनच शोधले पाहिजेत. आपल्या पूर्वजांनी धाब्याची घरे बांधली, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. त्यांनी उन्हाशी झुंज घेतली नाही, त्याला वळसा घातला. कोरड्या उन्हाळ्यात खिडकीतला कूलर खोलीची हवा बरीच उतरवतो आणि त्याचा लाभ यंत्राला मिळतोच; मात्र झोत सरळ कॅबिनेटवर नसावा, कारण तुषारांबरोबर क्षारही आत जातात. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हाच कूलर निरुपयोगी ठरतो. कॅबिनेटची बाजू काढून टेबलफॅन लावण्याची आपल्याकडची सवय तात्पुरती उपयोगी असली, तरी काळ्या मातीची बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांत बसते आणि महिन्याभरात सारा लाभ गिळते. त्यापेक्षा हवा आत येते तिथे जाळी असावी आणि ती नियमाने झटकावी. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट काही वर्षांनी वाळते. तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट पुरते.

सर्वांत स्वस्त उपाय संयमाचा आहे. २००४ साली इंटेलने एका नव्या प्रोसेसरचा प्रकल्प सोडून दिला. त्याचा वीजवापर आणि उष्णता आवरेनाशी झाली होती. योगायोग असा की त्याचे नाव 'तेजस' होते. त्यानंतर केवळ वेग वाढवण्याचा हट्ट मागे पडला आणि एकाच चिपवर अनेक गाभे बसवण्याची दिशा रूढ झाली. आज १०५ वॉटच्या गटातले काही प्रोसेसर ६५ वॉटच्या मर्यादेत चालवण्याची सोय असते. वीज आणि उष्णता बरीच घटते, वेग त्या मानाने थोडाच. मराठी टंकलेखन, ध्वनिमुद्रणांची साफसफाई, वर्गासाठी टिपणे यांना याहून अधिक काय लागते?

यंत्र जाणून घेणे हे विज्ञान शाखेचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या घरी संगणक असलाच तर बहुधा एकच असतो, आणि ऐन मे महिन्यात, प्रबंध सादर करण्याच्या दिवसांत, तोच बंद पडतो. एका वृद्ध स्त्रीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मुद्रित करून त्याने त्यात ठेवलेल्या असतील, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसेल. ते मुद्रण नष्ट झाले तर हानी आपल्या विषयाची असते. हस्तलिखिताला वाळवी लागू नये म्हणून काय करावे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. उन्हाळा लागण्यापूर्वी एक तास कॅबिनेट उघडून ते पुसायला आणि मुद्रणांची दुसरी प्रत काढायला शिकवणे हेही मराठी विभागाचेच काम मानले पाहिजे.