मीटरपासून उंबरठ्यापर्यंत

विजेचे मीटर घरात असावे की घराबाहेर, या वादाचा निकाल केव्हाच लागला आहे. दिवाणखान्याच्या दारावर लाकडी फळीवर बसलेले मीटर आता जिन्याखाली, फाटकाच्या भिंतीवर किंवा इमारतीच्या सामाईक मीटरपेटीत येऊन स्थिरावले आहे. रीडिंग घेणाऱ्यास घरात शिरावे लागू नये आणि मीटरशी छेडछाड करण्यास कोणास वाव राहू नये, हे दोन्ही हेतू रास्त आहेत. आपल्या शहराचे वीजवितरण २०११ ते २०१४ या काळात जीटीएल या खासगी कंपनीकडे होते. पुढे ते महावितरणकडे परत आले. गळतीचा प्रश्न मात्र दोन्ही राजवटींत कायम राहिला, हे लक्षात घेता मीटर बाहेर आणण्यास आमचा मुळीच विरोध नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. मीटर बाहेर आले. पण त्या मीटरपासून घरात जाणाऱ्या तारेची काळजी कोणी वाहावयाची?

नियमांचे उत्तर स्पष्ट आहे. पुरवठादाराच्या कटआऊटच्या बाहेर जाणाऱ्या टोकापाशी पुरवठ्याची हद्द संपते आणि तेथून पुढे ग्राहकाची मांडणी सुरू होते. मीटर घरात होते तोवर ही हद्द दाराच्या आतच पडे. मीटर वीस-पंचवीस पावले दूर गेले, तशी हद्दही तितकीच दूर सरकली. मधली तार कागदोपत्री ग्राहकाच्या मालकीची झाली. पण ही गोष्ट त्यास समजावून सांगण्याचे कष्ट कोणी घेतले काय?

या तारेतील धोका सामान्य माणसाच्या दृष्टीस पडत नाही. घरातील मेन स्विच आणि एमसीबी हे त्यांच्या पुढील वायरिंगचे रक्षण करतात, मागील तारेचे नव्हे. मीटरच्या बाजूस योग्य क्षमतेचा फ्यूज किंवा एमसीबी नसेल आणि वाटेत तारेचे आवरण सोलवटून शॉर्टसर्किट झाले, तर घरातील एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तेथे उरतो तो खांबावरील फ्यूज. आणि तो अनेक घरांचा एकत्रित भार सोसण्यासाठी बसविलेला असतो. तो वितळेपर्यंत ही बारीक तार तापून पेट घेऊ शकते. ती जिन्यातून गेलेली असेल, तर आगीच्या वेळी सुटकेची एकमेव वाटच बंद होते.

गुलमंडी, सिटी चौक, शहागंज या जुन्या भागांत घराला घर लागून आहे. सिडकोत मूळच्या बैठ्या घरांवर मजले चढले आहेत. दोन्हीकडे तारा सज्जावरून, गॅलरीच्या गजांतून, पत्र्याच्या कडेवरून ओढलेल्या आढळतात. उघड्या तारा सपाट गच्चीवरून नेताना किमान २.५ मीटर उंची व बाजूने जाताना १.२ मीटर अंतर असावे; इतके अंतर नसेल तर तार पुरेशा आवरणाची असावी आणि अर्थिंग केलेल्या आधारतारेस ठरावीक अंतरावर बांधलेली असावी, हे १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनीच घालून दिले होते. भिंतीतील छिद्राला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, त्यात नळी बसवावी, शिरण्यापूर्वी तारेस खाली वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून थेट घरात उतरत नाही. या गोष्टींना फार खर्च येत नाही. कळकळ मात्र लागते.

अर्थिंगची कथा याहून खेदजनक आहे. फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा आत आणून काम पुरे झाले, असे मानण्याची चाल पडली आहे. पूर्वी कित्येक घरांत पाण्याच्या लोखंडी नळालाच अर्थिंगची तार गुंडाळून समाधान मानीत. नळ प्लास्टिकचे झाले आणि तो आधारही गेला. तिसऱ्या तारेवाचून गिझर किंवा धुलाईयंत्र चालविणे म्हणजे घरच्यांचा जीव दैवाच्या हवाली करणे होय.

आमच्या मते यावर उपाय तीन आहेत. मीटर हलविताना त्याच्या शेजारीच एमसीबी बसविल्याशिवाय आणि परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल मिळाल्याशिवाय ते काम पूर्ण झाले असे महावितरणने मानू नये. गृहनिर्माण संस्थांनी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सामाईक मीटरपेटी तपासून घ्यावी. आणि ग्राहकाने, स्वस्तात काम करून देणाऱ्या कोणाही हातास तार ओढू देऊ नये.

मलिक अंबरने सतराव्या शतकात या नगरीत नहर आणली, तेव्हा पाणी केवळ वेशीपर्यंत पोहोचवून तो थांबला नाही. जमिनीखालून, खापरी नळांतून ते वस्तीत खेळविले. त्याच शहरात आज वीज दारापर्यंत येते आणि शेवटची वीस पावले लोंबकळत जाते. वीज घरात येते तेव्हाच पुरवठा पुरा होत नाही, ती सुरक्षित येते तेव्हा होतो, एवढे जरी संबंधितांनी मनावर घेतले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.